फिल्मचा काठ, फिल्टरचा काठ

रोलाय इन्फ्रारेड या अवरक्त फिल्मच्या डबीवर ४०० हा वेगाचा आकडा छापलेला असतो. लेन्सवर काळपट आर ७२ फिल्टर चढवला की तीच फिल्म कुणी २५ वेगाची धरतो, कुणी १२, कुणी ६, कुणी ३. पंचवीस आणि तीन यांच्यात आठपट प्रकाशाचा फरक आहे. साध्या कृष्णधवल फिल्मबद्दल दोन जाणकारांत एवढा मतभेद झाला असता, तर त्यातला एक जण नक्की चुकतो आहे असे म्हणता आले असते. इथे तसे म्हणता येत नाही, कारण चौघांच्याही निगेटिव्ह छापण्याजोग्या निघतात.

अवरक्त फिल्म हाती घेणारा प्रत्येक जण या आकड्यांपाशी अडतो. मीही अडलो होतो. पुढे वाचत आणि चाचण्या घेत गेल्यावर या मतभेदाची कारणे दिसू लागली. ती बहुतेक भौतिकशास्त्रातली आहेत, थोडी डार्करूममधली. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो: अवरक्त छायाचित्रणात फिल्मला एकटीला वेग नसतो. फिल्म, फिल्टर, त्या घडीचे ऊन आणि समोरचा विषय यांचा मिळून वेग ठरतो, आणि तो चाचणीशिवाय कळत नाही.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजच्या पुष्कळ गैरसमजांची मुळे तिथे आहेत. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तिथे काहीच दिसत नसताना पारा चढला. हा अदृश्य प्रकाश फिल्मवर उतरवायला आणखी शतकभर लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने १९१० साली लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीसमोर काळ्या आकाशाखाली पांढऱ्याशुभ्र झाडांची छायाचित्रे आणली. झाडे पांढरी दिसण्याला आजही 'वुड इफेक्ट' म्हणतात. इंग्रजीत वुड म्हणजे लाकूड, म्हणून हे नाव झाडांवरून पडले असे समजणारे भेटतात. ते या माणसाचे आडनाव आहे.

चांदीच्या हॅलाइड क्षारांना मुळात निळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. हिरवा, मग तांबडा, मग अवरक्त अशी त्यांची नजर पुढे सरकवली ती इमल्शनमध्ये मिसळलेल्या रंगद्रव्यांनी, मुख्यतः सायनिन कुळातल्या. १९२० आणि १९३० च्या दशकांत कोडॅकच्या रसायनज्ञांनी या रंगद्रव्यांवर काम केले आणि अवरक्त प्लेट बाजारात मिळू लागल्या. वृत्तछायाचित्रकार वीजी याने १९४० च्या दशकात अंधाऱ्या चित्रपटगृहांत अवरक्त फ्लॅशने प्रेक्षक टिपले. मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्या काळपट पडून डोळ्यांना वाचता येईनाशा झाल्या होत्या. जेरुसलेमच्या पॅलेस्टाइन पुरातत्त्व संग्रहालयात नजीब अल्बिना याने १९५० च्या दशकात त्या अवरक्त फिल्मवर घेतल्या आणि अक्षरे उठून आली. कातडे अवरक्त प्रकाश परत फेकते, काजळीची शाई तो गिळते, एवढेच त्यामागचे कारण. पालोमार वेधशाळेच्या दुसऱ्या आकाश सर्वेक्षणातही कोडॅकच्या 'फोर-एन' या अवरक्त प्लेट वापरल्या गेल्या.

आपल्या मनातली अवरक्त छायाचित्राची प्रतिमा मात्र घडवली ती कोडॅकच्या 'हाय स्पीड इन्फ्रारेड' या फिल्मने, म्हणजे ओळखीच्या लोकांच्या तोंडच्या 'एचआयई'ने. तिची नजर जवळजवळ ९०० नॅनोमीटरपर्यंत पोचत होती. तिला पाठीमागे प्रकाश शोषणारा थर नव्हता. त्यामुळे उजळ भागातून आत गेलेला प्रकाश कॅमेऱ्याच्या मागच्या पट्टीवर आपटून परत येई आणि पांढऱ्या पानांभोवती तेजाचे वलय उमटे. या वलयालाच अनेक जण अवरक्त परिणाम समजतात, पण त्याचा अवरक्त किरणांशी थेट संबंध नाही. तो केवळ त्या थराच्या अभावाचा परिणाम होता. कोडॅकने २००७ साली ही फिल्म बंद केली. कोनिकाची ७५० ही त्याच सुमारास गेली. क्रोएशियातील फोटोकेमिका कारखाना २०१२ साली बंद पडला आणि त्याच्याबरोबर एफकेची आयआर ८२० गेली. सहज मिळणाऱ्यांत आता मुख्यतः दोन नावे उरतात: रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि इलफर्ड एसएफएक्स २००. रोलायची फिल्म अ‍ॅग्फा-गेव्हर्टच्या हवाई छायाचित्रणासाठी बनवलेल्या अ‍ॅव्हिफॉट कुळातली आहे. त्याच कुळातल्या रेट्रो ८०एस, सुपरपॅन २०० या फिल्मही थोड्याफार अवरक्त पाहतात.

आता झाडाच्या पानाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश गिळते, थोडा हिरवा परत पाठवते. सुमारे ७०० नॅनोमीटरनंतर मात्र हरितद्रव्याला प्रकाश अडवताच येत नाही. तो पानाच्या आतल्या पेशींच्या भिंती आणि हवेच्या पोकळ्या यांच्यात इकडून तिकडे विखुरतो. जवळपास निम्मा वर परत येतो, जवळपास निम्मा पानातून खाली पाझरतो आणि फारच थोडा पानात मुरतो. म्हणजे झाड पांढरे दिसते ते बर्फ पांढरा दिसतो त्याच कारणाने: आत प्रकाश विखुरतो, शोषला जात नाही. पान स्वतः प्रकाशते ही समजूत चुकीची आहे.

हा बदल एका रेषेवर अचानक होत नाही. साधारण ६८० पासून ७५० नॅनोमीटरपर्यंत पानाची परावर्तनाची रेघ एखाद्या चढणीसारखी वर जाते. वनस्पतिशास्त्रात हिला तांबडा काठ म्हणतात. एसएफएक्सची नजर ७४० ला संपते. आर ७२ फिल्टर ७२० ला निम्मा उघडतो. म्हणजे या जोडीने काढलेल्या छायाचित्रातले पान त्या चढणीच्या माथ्यावर पोचलेलेच नसते. एसएफएक्सवर झाडे करडी-पांढरी येतात, एचआयईसारखी बर्फाळ येत नाहीत, ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. डेव्हलपर बदलून, वेळ वाढवून ती दूर करण्याचे प्रयत्न मी स्वतः केले. त्याने काँट्रास्ट वाढला, पान आणि दगड यांच्यातले नाते बदलले नाही. ते नाते फिल्टर आणि फिल्म यांनी आधीच ठरवलेले असते.

याच चढणीमुळे आणखी एक गोष्ट घडते. हरितद्रव्य जितके जास्त, तितकी ही चढण लांब लहरींकडे सरकते. म्हणून जून, गडद हिरवी पाने ७२० ते ७४० च्या पट्ट्यात कोवळ्या पानांपेक्षा मंद दिसू शकतात. चैत्रातली पिंपळाची कोवळी पालवी डोळ्यांना तांबूस दिसत असली तरी या फिल्मवर उजळ येते. चाचणीसाठी निवडलेले झाड आंब्याचे जून पानांचे होते की पिंपळाचे नव्या पानांचे, यावरून एखाद्या स्टॉपएवढाही फरक पडला तर नवल वाटू नये.

आता दोन काठांचा हिशेब. फिल्मला एक काठ असतो, त्याच्या पलीकडचे तिला दिसत नाही. फिल्टरला दुसरा काठ असतो, त्याच्या अलीकडचे तो आत सोडत नाही. चित्र तयार होते ते या दोन काठांमधल्या फटीतून आलेल्या प्रकाशाने. एचआयईची फट प्रशस्त होती. ७२० पासून ९०० पर्यंत १८० नॅनोमीटर. त्यामुळे फिल्टर थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नसे. कोडॅकच्या माहितीपत्रकात साधा तांबडा २५ क्रमांक, गडद तांबडा २९, ७० आणि जवळजवळ अपारदर्शक ८९बी या चारही फिल्टरना उन्हासाठी एकच आकडा होता, ५०. ८७ ला तो २५ होई आणि ८७सी ला १०. आज रोलाय किंवा एसएफएक्स वापरणाऱ्याला ही चैन नाही. एसएफएक्सवर ६९५ चा फिल्टर लावला तर फट ४५ नॅनोमीटरची, ७२० चा लावला तर २० ची. निम्म्याहून जास्त प्रकाश गेला, शिवाय उरलेल्या भागात फिल्मची नजर आधीच मंदावलेली. ७५० चा लावला तर फट मिटली, कितीही वेळ शटर उघडे ठेवा.

रोलायचे उत्पादक तिची नजर ८२० पर्यंत सांगतात, आणि पत्रकातल्या आलेखात ती तिथवर दिसतेही. पण ७५० नंतर तो आलेख झपाट्याने खाली येतो. म्हणून ८७ किंवा ८७सी जातीचे, ८०० च्या आसपास उघडणारे फिल्टर या फिल्मवर लावणे म्हणजे फिल्म वाया घालवणे. एचआयईच्या काळात लिहिलेल्या पुस्तकांतून हे फिल्टर सुचवलेले असतात. त्या काळासाठी ते बरोबर होते.

फट अरुंद असल्यामुळे फिल्टरमधला लहानसा फरकही मोठा होतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे '७२०' लिहिलेले फिल्टर प्रत्यक्षात काही नॅनोमीटरनी मागेपुढे असू शकतात. प्रशस्त फटीत हे कळलेही नसते, २०-३० नॅनोमीटरच्या फटीत त्याने एक स्टॉप हलू शकतो. सुरुवातीच्या चार छायाचित्रकारांच्या चार आकड्यांचे मोठे कारण हे आहे. आणि फिल्टर हाताशी आहेच म्हणून एक सूचना इथेच: असा फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही पाहू नका. दिसणारा प्रकाश अडल्याने बाहुली मोठी होते आणि अवरक्त किरण अडथळ्याविना दृष्टिपटलावर पडतात.

दुसरे कारण उन्हात आहे. लाइट मीटर आपल्याला दिसणारा प्रकाश मोजतो. त्यात अवरक्ताचे प्रमाण किती, हे त्याला ठाऊक नसते, आणि ते प्रमाण दिवसभर बदलत राहते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो, तांबडा आणि अवरक्त जास्त उरतो. तेव्हा मीटर सांगतो त्यापेक्षा फिल्मला जास्त मिळते. लंडनला डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. पुण्यात तो त्याच दिवशी ४८ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो. इंग्लंडमधल्या एखाद्या माणसाने हिवाळ्यात काढलेला आकडा आपण मे महिन्यात देवगिरीवर वापरला तर निगेटिव्ह फिकी येणार, यात त्याचा दोष नाही. ढगाळ दिवशी सगळाच खेळ मंदावतो. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात अवरक्त भरपूर, ट्यूबलाइट आणि एलईडीत जवळजवळ नाही.

सावल्यांचे गणित तर मीटरला मुळीच कळत नाही. उघड्या आकाशाखालची भिंतीची सावली निळ्या आकाशाच्या प्रकाशाने उजळलेली असते. त्या आकाशात अवरक्त नगण्य, म्हणून ती सावली फिल्मवर रिकामी येते. आंब्याखालची सावली वेगळी. तिथे पानांतून पाझरलेला अवरक्त प्रकाश वरून सांडत असतो. मीटरवर दोन्ही सावल्या सारख्या भरल्या तरी निगेटिव्हवर त्यांच्यात दोन-तीन स्टॉपचे अंतर पडू शकते. झोन पद्धतीत सावलीचे माप घेऊन एक्स्पोजर ठरवायला आपण शिकलेलो असतो. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

धुरकट हवेबद्दलही एक खुलासा. हवेच्या रेणूंकडून होणारे विखुरणे लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताने कमी होते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा ७५० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे पावणेआठपट कमी विखुरतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिंहगडावरून दूरच्या डोंगररांगा डोळ्यांना निळसर पुसट दिसत असताना अवरक्त फिल्मवर कडा धरून येतात. पण श्रावणातले सह्याद्रीतले धुके म्हणजे पाण्याचे थेंब. ते या लहरींच्या मानाने फार मोठे असतात आणि अवरक्तालाही तेवढेच अडवतात. धुक्यापलीकडचे दिसेल या आशेने कुणी पावसाळ्यात घाटमाथ्यावर ही फिल्म घेऊन जाऊ नये.

तर चाचणी कशी करावी? मी ज्या पद्धतीवर स्थिरावलो ती सांगतो. एकच जागा निवडावी, जिथे चौकटीत उन्हातले झाड, उन्हातला दगड किंवा भिंत, झाडाखालची सावली, भिंतीची सावली आणि निळे आकाश असे सगळे येते. कॅमेरा ट्रायपॉडवर, वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, आकाश स्वच्छ. मीटर फिल्टरच्या आडून वापरायचा नाही. अनेक कॅमेऱ्यांतल्या मीटरचे सिलिकॉन सेल अवरक्ताला आपापल्या मर्जीने प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद फिल्मच्या प्रतिसादाशी जुळत नाही. हातातल्या मीटरने फिल्टरशिवाय वाचन घ्यावे, किंवा थेट उन्हाचा जुना नियम वापरावा: एफ/१६ वर शटर फिल्मच्या वेगाइतके.

पहिल्या तीन चौकटी फिल्टरशिवाय: ४००, २०० आणि १०० धरून. या चौकटी पुष्कळ जण गाळतात. पण डेव्हलपिंगमध्ये काही बिनसले असेल तर ते याच चौकटी सांगतात, आणि आपल्या डेव्हलपरमध्ये फिल्मचा साध्या प्रकाशातला खरा वेग किती, तेही कळते. रोलायला पुष्कळ जणांना तो ४०० पेक्षा २०० च्या जवळ मिळतो. मग तांबडा २५ क्रमांक लावून चार-पाच चौकटी. मग आर ७२. एफ/११ कायम ठेवून १/१२५ पासून एकेक पायरी उतरत १/२ सेकंदापर्यंत सात चौकटी घ्याव्यात. उन्हाच्या नियमाने या चौकटी साधारण ६० वेगापासून १ वेगापर्यंतचा सगळा पल्ला व्यापतात. प्रत्येक चौकटीची नोंद कागदावर व्हावी: तारीख, वेळ, सूर्य कुठे होता, फिल्टर कुठला, मीटरने काय सांगितले. मग तीच सात चौकटींची मालिका संध्याकाळी पाच वाजता पुन्हा घ्यावी. ३५ मिलिमीटरच्या एका फिल्ममध्ये हे सगळे मावते आणि वर चौदा-पंधरा चौकटी उरतात.

वाचन करताना निगेटिव्ह प्रकाशपेटीवर धरून अंदाज बांधू नये, आणि स्कॅनरला आपल्या मनाने काळे-पांढरे ठरवू देऊ नये. साधा कॉन्टॅक्ट प्रिंट काढावा, तोही एका शिस्तीने: फिल्मच्या कोऱ्या पट्टीतून कागद पूर्ण काळा व्हायला लागणारी कमीतकमी वेळ शोधायची आणि सगळ्या चौकटींना तेवढीच द्यायची. मग कुठल्या चौकटीत उन्हातल्या दगडाचा पोत आणि झाडाखालची सावली पुरेशी आली आहे, ते पाहावे. भिंतीच्या सावलीचा पाठलाग करू नये. ती भरून काढायला गेलात तर तोवर पाने निगेटिव्हवर इतकी दाट होतात की कागदावर पांढऱ्या डागाशिवाय काही उरत नाही. अवरक्त छायाचित्रात काळी सावली ही उणीव नव्हे, त्या प्रकाशाचे ते खरे रूप आहे.

या चाचणीतून आर ७२ साठी बहुतेकांना २५ आणि ३ यांच्या मधला एखादा आकडा मिळतो. एवढी सगळी खटपट करून पुन्हा त्याच पल्ल्यात यायचे असेल तर फायदा काय, असे कुणी विचारील. फायदा असा की आता तो आकडा तुमच्या फिल्टरचा, तुमच्या डेव्हलपरचा आणि तुमच्या गावच्या दुपारच्या उन्हाचा असतो. संध्याकाळी तो किती हलतो, हेही माहीत झालेले असते. पुढच्या फिल्मवर मधली एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन चौकटी पुरतात. चाचणीआधी सात लागत होत्या.

डेव्हलपिंगवर जेवढे वाद होतात तेवढे महत्त्व मी त्याला देत नाही. अवरक्त निगेटिव्हचा मोठा प्रश्न काँट्रास्टचा आहे, कारण एका बाजूला रिकाम्या सावल्या आणि काळे आकाश, दुसऱ्या बाजूला भरगच्च पाने. अ‍ॅव्हिफॉट कुळातल्या फिल्मचा जन्मच हवेतून, धुरकट थरांमधून दिसणाऱ्या फिक्या जमिनीसाठी झाला आहे. त्यामुळे काँट्रास्ट वाढवणे तिच्या रक्तात आहे. डी-७६ एकास एक पाण्यात, रॉडिनल एकास पन्नास, एचसी-११० ची विरळ द्रावणे, यांपैकी कशानेही चांगली निगेटिव्ह मिळते. दाणा आणि कडांची धार यांत फरक पडतो, अवरक्तपणात पडत नाही. म्हणून ज्या डेव्हलपरची सवय आहे तोच ठेवावा आणि फक्त वेळ तपासावी. एकाच दृश्याच्या एकसारख्या चौकटींनी भरलेली फिल्म अंधारात तीन तुकड्यांत कापायची. पहिला तुकडा उत्पादकाच्या पत्रकातल्या वेळेवर, दुसरा एकपंचमांश कमी, तिसरा एकपंचमांश जास्त. ज्या तुकड्यात मधल्या ग्रेडच्या कागदावर पानापानांतला फरक टिकून राहतो, ती तुमची वेळ. माझ्या अनुभवात ती बहुधा कमी वेळेच्या बाजूला असते. टँक हलवण्याचे प्रमाण तिन्हींना सारखे ठेवावे. हलवणे कमी केले की दाट भाग आवरले जातात, म्हणून तो वेगळ्या चाचणीचा विषय करावा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की चाचणीचा अर्थ लागत नाही.

आपल्याकडे तापमान हा या कामातला सर्वांत मोठा चोर आहे. पत्रकांतल्या वेळा २० अंश सेल्सिअससाठी असतात. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपुरात नळाचे पाणी त्याच्या बरेच वर असते. इलफर्डच्या सर्वसाधारण कोष्टकानुसार २० अंशांना १० मिनिटे लागत असतील तर २४ अंशांना सुमारे ७ मिनिटे पुरतात. त्याहून वर गेलो की वेळ पाच मिनिटांखाली येते आणि डेव्हलपिंग असमान होण्याची भीती वाढते. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचे पाणी सगळेच २४ अंशांवर स्थिर धरावे. दोन उन्हाळ्यांतल्या दोन चाचण्या जुळत नसतील तर फिल्मवर संशय घेण्याआधी तापमापक पाहावा.

लांब एक्स्पोजरची अडचण संध्याकाळी येते. एका सेकंदाच्या पुढे फिल्मचा प्रतिसाद सुस्तावतो. इलफर्ड एसएफएक्ससाठी मोजलेल्या वेळेचा १.४३ वा घात घ्यायला सांगते. म्हणजे मीटरने २ सेकंद सांगितले तर सुमारे २.७ द्यावेत, ४ सांगितले तर सव्वासात, आणि १० सांगितले तर सत्तावीस. आर ७२ लावल्यावर तिन्हीसांजेला आपण या मापात सहज शिरतो. ही दुरुस्ती विसरून संध्याकाळच्या चौकटी वाचल्या तर सांजउन्हात अवरक्त कमी असते, असा उलटाच निष्कर्ष निघतो. मी तो एकदा काढला होता आणि वर्षभर खरा मानला होता.

फोकसचे थोडक्यात. अवरक्त किरण लेन्सपासून किंचित लांब एकत्र येतात. जुन्या लेन्सवर त्यासाठी तांबडा ठिपका किंवा आर अक्षर असते. डोळ्यांनी फोकस करून ते अंतर त्या खुणेवर आणायचे. ७२० ते ७५० च्या अरुंद पट्ट्यात हा फरक लहान असतो, त्यामुळे एफ/८ किंवा एफ/११ वर काम केले तर लांबच्या दृश्यांत तो झाकला जातो. फिल्टर लावल्यावर एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही, म्हणून दर चौकटीला फिल्टर काढघाल करावी लागते. जुनी याशिका-मॅटसारखी दोन लेन्सची पेटी या कामाला उत्तम. बघण्याची लेन्स मोकळी राहते. आपल्या गावच्या एखाद्या लग्नाच्या फोटो स्टुडिओत असा कॅमेरा कपाटात पडून असण्याची शक्यता आहे, विचारून पाहावे.

फिल्म धूसर होण्याबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे चाचण्याच्या चाचण्या बुडतात. रोलायचा आधार पारदर्शक पॉलिएस्टरचा आहे. डबीतून बाहेर डोकावणाऱ्या जिभेवर ऊन पडले की ते फिल्मच्या आतून नळीतल्या पाण्यासारखे डबीत शिरते. राजगडाच्या संजीवनी माचीवर भर उन्हात मी एक फिल्म भरली होती आणि तिच्या पहिल्या सहा चौकटी वाया गेल्या. एचआयई तर संपूर्ण अंधारातच भरावी लागे. आजच्या फिल्म खोलीच्या मंद उजेडात किंवा निदान जाड कापडाखाली भराव्यात. काही इलेक्ट्रॉनिक कॅमेरे फिल्मवरची भोके अवरक्त एलईडीने मोजतात आणि काठाला धूसर पट्टी उमटते. स्वस्त चेंजिंग बॅगचे कापड, जुन्या कॅमेऱ्याचे कुजलेले फोम, टँकची प्लॅस्टिकची झाकणे, हे सगळे दिसणारा प्रकाश अडवत असले तरी अवरक्त अडवतीलच असे नाही. फिल्मचे दोन-दोन इंचांचे तुकडे चेंजिंग बॅगेत दहा मिनिटे उन्हात ठेवून धुवावेत. शंका मिटते. फिल्म साठवायची ती फ्रिजमध्ये, आणि उघडण्याआधी डबी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. उष्णतेने जुनी होणारी फिल्म पायाशी धूसर होत जाते आणि वेग गमावते. दोन वर्षांपूर्वीच्या चाचणीचा आकडा मग आज लागू पडत नाही.

बदल केलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी अवरक्त छायाचित्रण सोपे केले आहे, पडद्यावर आलेख लगेच दिसतो, आणि त्यांची नजर एचआयईच्याही पलीकडे जाते. ज्याला फक्त पांढरी झाडे हवी आहेत त्याने तो मार्ग घ्यावा. फिल्मवर काम करायचे असेल तर आज मिळणाऱ्या फिल्म एचआयई नाहीत, हे एकदा मान्य करावे. जास्त एक्स्पोजर देऊन, डेव्हलपिंग ताणून ते वलय आणण्याचा आटापिटा करू नये. रोलाय आर ७२ सोबत जे देते ते निराळे आहे: कातळाचा करकरीत पोत, काळेभोर आकाश, मोत्याच्या रंगाची पाने. माझ्या मते सह्याद्रीच्या काळ्या दगडाला ते एचआयईच्या तेजाळ धुक्यापेक्षा जास्त शोभते.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, आठ-पंधरा दिवस असे येतात की गवत अजून हिरवे असते आणि हवा धुतलेली असते. यंदा त्यातली पहिली फिल्म चित्रांसाठी ठेवू नका, चाचणीला द्या. नोंदीचा कागद निगेटिव्हच्या पाकिटातच राहू द्या, आणि आकडा कुणाला सांगाल तेव्हा त्याबरोबर फिल्टरचे नाव, झाड कुठले आणि घड्याळात किती वाजले होते, तेही सांगा.